फ्रीशिप कार्ड आधी, फी नंतर

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. तरीही प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या मुलांना कॉलेजने एकच उत्तर दिलेले असते: "आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ."

केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना याच्या उलट आहेत. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला फ्रीशिप कार्डावर, आगाऊ फी न भरता प्रवेश मिळाला पाहिजे. केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट त्याच्या खात्यात येतो; त्यानंतर फी भरायची.

पैसे उशिरा येतात, हे खरे. पण शासनाच्या उशिराचे व्याज मजूर आईबापांनी सावकाराला का द्यावे? इथेच अनेकांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण थांबते.

म्हणून मित्रांनो, महाडीबीटीवरून कार्ड काढा, बँक खाते आधारशी जोडा, अर्जाची प्रत जपून ठेवा. कॉलेजने नाकारले तर नकार लेखी मागा आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे तक्रार द्या. तोंडी तक्रारीची नोंद होत नाही. वस्तीतल्या प्रत्येक विहारात जून-जुलैमध्ये दोन कार्यकर्ते या कामासाठी बसलेच पाहिजेत.

जय भीम!