विश्लेषण : टेलिकन्व्हर्टर लावावा की थेट मोठी प्राइम लेन्सच घ्यावी?

हिवाळा सुरू झाला की शनिवारी पहाटे पुणे-सोलापूर महामार्गावरून कॅमेऱ्याच्या बॅगा भरलेल्या गाड्या भिगवणकडे धावू लागतात. उजनी जलाशयाच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे, काठावर पट्टकदंब, वर घिरट्या घालणारा ऑस्प्रे. होडीत बसल्यावर अर्ध्या तासात बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येते, 'अजून थोडी लेन्स हवी होती.' याच वाक्यापायी माझा इंजिनीअरिंगचा एक मित्र गेल्या वर्षी ४०० मिमीची लेन्स विकून ६०० मिमीची घ्यायला निघाला होता. घराचा हप्ता चालू, बोनस अजून खात्यात यायचा होता. दुकानात त्याला सांगितले गेले, 'लेन्स कशाला विकता? टेलिकन्व्हर्टर लावा, तेच काम होईल.' तेच काम खरोखर होते का? उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. पण ते आकड्यांत मात्र नेमके देता येते.

टेलिकन्व्हर्टर नेमके काय करतो?

कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधोमध बसणारी ही काचेची छोटी जोडनळी. लेन्सने तयार केलेली प्रतिमा ती मोठी करते. १.४ एक्सचा टेलिकन्व्हर्टर ४०० मिमी लेन्सला ५६० मिमी बनवतो, २ एक्सचा ८०० मिमी. लेन्स किती जवळचे फोकस करू शकते ते अंतर मात्र तेच राहते, आणि हा फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही. अडीच मीटरवर फोकस होणारी लेन्स टेलिकन्व्हर्टर लावल्यावरही अडीच मीटरवरच फोकस होते, पण फुलपाखरू १.४ पट मोठे दिसते.

(मोबाइलसाठी हल्ली मिळणारी जोडकाच ही वेगळी गोष्ट. विवोने २०२५ मध्ये एक्स२०० अल्ट्रा या फोनसाठी झाइसची २.३५ एक्स जोडकाच आणली. ती लेन्सच्या पुढे बसते, मागे नाही. त्यामुळे पुढचे प्रकाशाचे गणित तिला जसेच्या तसे लागू होत नाही.)

प्रकाश कमी होतो, म्हणजे काय होते?

१.४ एक्समुळे एक स्टॉप आणि २ एक्समुळे दोन स्टॉप प्रकाश जातो, हे प्रत्येक दुकानदार सांगतो. एफ/४.५ची लेन्स अनुक्रमे एफ/६.३ आणि एफ/९ होते. जानेवारीतल्या कोवळ्या उन्हात उडणारा पक्षी १/१६०० सेकंदाला टिपायचा आहे आणि एफ/४.५ला आयएसओ १६०० लागतो असे धरा. १.४ एक्स लावला की तो ३२०० होतो, २ एक्स लावला की ६४००.

पण हा प्रकाश जातो कुठे? खरे तर कुठेच नाही. पक्ष्याकडून आलेला प्रकाश लेन्सच्या पुढच्या काचेतून आत येतो. ती काच बदललेली नाही. टेलिकन्व्हर्टर तोच प्रकाश सेन्सरच्या दुप्पट किंवा चौपट जागेवर पसरवतो. पक्ष्याच्या वाट्याला आलेला एकूण प्रकाश तेवढाच, फक्त तो जास्त पिक्सेलवर वाटला गेला. म्हणून लेन्सवर छापलेल्या मिलिमीटरपेक्षा पुढून प्रकाश घेणारी वाट किती रुंद आहे, हे आधी पाहावे. ती काढणे सोपे आहे. फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागा. ४०० भागिले ४.५, म्हणजे सुमारे ८९ मिमी. दुकानातला निम्मा वाद या एका भागाकाराने मिटतो.

४०० अधिक १.४ एक्स विरुद्ध ६००

मित्राचा कॅमेरा निकॉनचा, म्हणून उदाहरणही तिथलेच घेऊ. २०२२ मध्ये आलेली झेड ४०० मिमी एफ/४.५ आणि २०२३ मध्ये आलेली झेड ६०० मिमी एफ/६.३. पहिलीला १.४ एक्स लावला की ती ५६० मिमी एफ/६.३ होते. दुसरी मुळातच ६०० मिमी एफ/६.३. मघाचा भागाकार केला तर एकीकडे ८९ मिमी, दुसरीकडे ९५ मिमी. क्षेत्रफळात फरक जेमतेम १५ टक्क्यांचा. दोन्हींना फिल्टरही ९५ मिमीचाच बसतो.

वजन पाहा. ट्रायपॉड कॉलरसह ४०० मिमीची लेन्स सुमारे १,२४५ ग्रॅम, टेलिकन्व्हर्टर २२० ग्रॅम, बेरीज १,४६५. ६०० मिमीची लेन्स, फेज फ्रेनेल काचेमुळे हलकी करूनही, कॉलरसह सुमारे १,४७० ग्रॅम. खांद्याला फरक कळणार नाही.

किमतीत मात्र कळतो. भारतातल्या किमती कर आणि सवलतींप्रमाणे हलतात, म्हणून तुलनेपुरत्या अमेरिकेतल्या बाजारात आल्या वेळच्या किमती घेऊ. ४०० मिमी सुमारे ३,२५० डॉलर आणि टेलिकन्व्हर्टर ५५० डॉलर, एकूण ३,८०० डॉलर. ६०० मिमी ४,८०० डॉलर. आणि ज्याच्याकडे ४०० आधीपासून आहे, त्याच्यासाठी प्रश्न ५५० डॉलरचा आहे. जुनी लेन्स विकताना सोसावा लागणारा तोटाही वाचतो.

६०० मिमीच्या बाजूने बोलायचे तर, टेलिकन्व्हर्टर लेन्समधले दोषही मोठे करून दाखवतो आणि मधे आणखी काचा आल्याने काठांवरची स्पष्टता किंचित उतरते. चांगल्या प्राइम लेन्सवर १.४ एक्सने होणारी ही घट फोनच्या पडद्यावर दिसत नाही. मोठ्या छपाईत, तीही शोधली तर, दिसते. शिवाय ६०० वर पुन्हा १.४ एक्स लावून ८४० मिमी गाठता येते. पण ती चार मीटरच्या आत फोकस करत नाही आणि पाणवठ्यावर हरीण अचानक जवळ आले की ६०० ची ४०० करता येत नाही. या जोडीत माझे मत स्पष्टपणे टेलिकन्व्हर्टरच्या बाजूने आहे.

मग २ एक्स का नको?

इथे तोच भागाकार उलटा निकाल देतो. ४०० मिमीला २ एक्स लावला तर ८०० मिमी एफ/९ मिळते, पण प्रकाशाची वाट ८९ मिमीच राहते. निकॉनचीच झेड ८०० मिमी एफ/६.३ घेतली तर ती १२७ मिमी होते. क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे प्रकाशही दुप्पट. इथे मोठ्या प्राइम लेन्सला पर्याय नाही आणि तिच्यासाठी मोजावे लागणारे सुमारे ६,५०० डॉलर आणि २,३८५ ग्रॅम वजन यांना अर्थ आहे.

२ एक्सचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. भिगवणला जाताना भाड्याने झूम लेन्स आणि वर २ एक्स घेतला होता. होडी हलतेय, ऊन यायचेय, ऑटोफोकस पुढेमागे धावतोय. चारशे फोटोंपैकी ठेवण्यासारखे अकरा निघाले, आणि त्यातले सात काठावर बसून राहिलेल्या एकाच खंड्याचे होते. झूमवर २ एक्स लावू नये, हे तेव्हापासून मी विचारेल त्याला सांगतो.

डीएसएलआर वापरणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावे. बहुतेक डीएसएलआरमध्ये ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच नीट चालतो आणि काहींत मधल्या मोजक्या बिंदूंवर एफ/८ पर्यंत. एफ/५.६ च्या लेन्सला २ एक्स लावला की हाताने फोकस करणे आले. मिररलेस कॅमेरे एफ/९ किंवा एफ/११ लाही फोकस करतात, फक्त अंधुक उजेडात चाचपडतात.

फोटो कापून मोठा केला तर?

हा फुकटचा पर्याय, आणि तो वाटतो तेवढा वाईट नाही. १.४ पट क्रॉप केले की निम्मे पिक्सेल जातात. ४५ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे २३ चा होतो, २४ चा १२ चा. इन्स्टाग्रामवरचा फोटो साधारण १,०८० पिक्सेल रुंद असतो. त्याला १२ मेगापिक्सेल पुरून उरतात. पक्ष्याच्या वाट्याचा प्रकाश दोन्हीकडे सारखाच असल्याने नॉइजही जवळपास सारखाच येतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात पिसांचा तपशील हवा असेल तिथे टेलिकन्व्हर्टर जिंकतो. ४५ च्या कॅमेऱ्यात, फक्त फोनवर दाखवायचे असेल, तर आधी क्रॉप करून पाहावे.

प्राइमचाच आग्रह नसेल तर तिसरा मार्गही आहे. निकॉनची झेड १८०-६०० मिमी ही झूम लेन्स ६०० ला एफ/६.३ च देते, वाट तीच ९५ मिमीची, आणि किंमत बाजारात आली तेव्हा सुमारे १,७०० डॉलर होती. वजन सुमारे २,१४० ग्रॅम. सोनीची २००-६०० मिमी याच जातीची. पहिलीच लेन्स घेणाऱ्याने प्राइम आणि टेलिकन्व्हर्टरच्या वादात पडण्याआधी हिच्याकडे पाहावे.

सगळ्या लेन्सना बसतो का?

नाही, आणि इथे पैसे वाया जातात. टेलिकन्व्हर्टरची पुढची काच लेन्सच्या आत शिरते, त्यामुळे तेवढी जागा असलेल्या ठरावीक लेन्सनाच तो बसतो. कॅननची आरएफ ७०-२०० मिमी एफ/२.८ ही पहिली लेन्स त्याला घेत नाही. २०२४ मध्ये आलेली तिची झेड आवृत्ती घेते. आरएफ १००-५०० ला तो बसतो, पण झूम ३०० च्या खाली येत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरची यादी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

होडीत तो बदलणेही कटकटीचे. लेन्स काढा, टेलिकन्व्हर्टर लावा, पुन्हा लेन्स लावा. तोवर सेन्सर उघडा आणि ऑस्प्रे मासा घेऊन गेलेला. म्हणूनच निकॉनने ४०० मिमी एफ/२.८ आणि ६०० मिमी एफ/४ या लेन्समध्ये खटका दाबून आत-बाहेर होणारा टेलिकन्व्हर्टर बसवला. बाजारात आल्या तेव्हा त्यांच्या किमती १४ हजार डॉलर आणि त्याहून जास्त होत्या, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी विषय संपला.

लांब लेन्स असूनही फोटो का बिघडतो?

कारण मधली हवा. ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दीडशे मीटरवरचा रोहित ८०० मिमीतूनही मेणासारखा वितळलेला दिसतो. ही थरथर लेन्स मोठी करून जात नाही, उलट मोठी दिसते. मग होडीवाल्याला 'अजून पुढे घ्या' असा लकडा सुरू होतो, थवा चरणे सोडून माना वर करतो आणि उडतो. पहाटे लवकर पोहोचून होडी लांबच थांबवली आणि पक्षी स्वतःहून जवळ येईपर्यंत वाट पाहिली, तर ४०० मिमीतही चौकट भरते.

मित्राला मी एकच काम सांगितले होते. मागच्या दोन वर्षांतले त्याला स्वतःला आवडलेले शंभर फोटो काढ आणि त्यातले किती निम्म्याहून जास्त कापले आहेत ते मोज. एकतीस निघाले. उरलेल्या फोटोंत फुलपाखरे होती, ताडोब्याच्या रस्त्यावर जिप्सीसमोर आलेले रानगवे होते, आणि त्या सगळ्यांना ४०० च बरोबर होती. शंभरातले सत्तर कापलेले असते, तर मीच त्याला ६०० घे म्हणालो असतो. त्याने १.४ एक्स घेतला. ४०० ची विक्रीची जाहिरात त्याच रात्री काढून टाकली.