तळटीपसुद्धा वाचावी लागते

कवितेचा किंवा एखाद्या जुन्या कागदाचा उतारा समोर घ्यायचा आणि तासभर त्यातून उठायचे नाही, ही चैन पुण्यामुंबईच्या कॉलेजांनी करावी. मानोऱ्याच्या पोरांना आधी नोकरीला लागू द्या, असे म्हणणारी माणसे वाईट नाहीत. त्यांना मुलांची काळजी असते. पण त्यांचे म्हणणे मला मुळातच मान्य नाही. वाशीम जिल्ह्यातल्या या तालुक्यात, जिथे बंजाऱ्यांचे तांडे आहेत, त्यांची पोहरादेवी आहे आणि पावसाच्या भरवशावरचे सोयाबीन आहे, तिथल्या मुलाला बारकाईने वाचता येणे नोकरीइतकेच निकडीचे आहे. आणि त्या वाचनाचा सराव करायला लागणारे मजकूर त्याच्या गावाच्या आसपासच पडलेले आहेत.

नोकरीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सर्वांत दुबळा आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. चार पर्यायांतला एक गोल काळा करण्याची सवय झालेल्या मुलाला आता प्रश्नातला 'चिकित्सा करा' आणि 'स्पष्ट करा' यांतला फरक ओळखून लिहायचे आहे. परीक्षा बाजूला ठेवली तरी सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना न वाचता जमिनीचा व्यवहार करणारे आणि नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यायची ही पीकविम्याची अट नंतर कळलेले शेतकरी गावोगाव सापडतात. कागद हातात होता आणि अक्षरओळखही होती, पण वाचन झाले नव्हते.

दुसरे लोक म्हणतात, शाळेत हे चालूच आहे. प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली, तिच्यात आकलन आहे, रसग्रहण आहे, स्वमत आहे. कृतिपत्रिकेमागचा हेतू चांगलाच होता. पण वर्गात काय उरले ते पाहा. उताऱ्यातला शब्द शोधून चौकट भरायची, ओघतक्ता पुरा करायचा, आणि 'स्वमत' गाइडमधून पाठ करायचे. ज्याला स्वमत म्हणायचे तेच छापील मिळत असेल तर मुलाने मजकुराशी कधी झटापट केलीच नाही. चौकटीत बसेल तेवढेच उताऱ्यातून उचलायचे, ही सवय बारकाईच्या वाचनाच्या बरोबर उलटी आहे. उताऱ्यात काय नाही, कोण बोलत नाही, कोणते वाक्य मध्येच सूर बदलते, हे कोणत्याही चौकटीत विचारलेले नसते.

आता ज्या आक्षेपाला मी खरोखर मान देतो त्याकडे येतो. तो शिकलेल्या, जागृत तरुणांकडून येतो, आणि तांड्यातून आलेल्या तरुणांकडून तर रागाने येतो. ते म्हणतात, आमच्याबद्दल इंग्रजांनी आणि त्यांच्या पंडितांनी जे लिहून ठेवले ते पूर्वग्रहाने बरबटलेले आहे. ते बारकाईने वाचायचे कशाला? फेकून द्या. आमचा इतिहास आम्ही लिहू.

राग योग्य आहे. उपाय चुकीचा आहे. १९१६ साली लंडनच्या मॅकमिलनने आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ काढला. त्याच्या दुसऱ्या खंडात बंजारा समाजावर एक मोठे प्रकरण आहे. त्यात कुळे आहेत, लग्नविधी आहेत, बैलांचे तांडे आहेत, आणि जादूटोणा व नरबळी यांबद्दलही मजकूर आहे. हे प्रकरण मानोऱ्याच्या अकरावीच्या वर्गात, शिक्षकाच्या मदतीने, पानापानाने वाचले गेले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. आणि वाचायला सुरुवात पहिल्या ओळीपासून करू नये, तळटिपेपासून करावी.

ती तळटीप सांगते की प्रकरणाचा मुख्य आधार एन. एफ. कंबरलेज यांचे एक टिपण आहे. ते मुळात १८६९ मध्ये लिहिले गेले असावे असे मानले जाते, आणि १८८२ मध्ये ते पुन्हा छापले गेले. हे कंबरलेज कोण? वऱ्हाड पोलिसांतले अधिकारी. त्यानंतर कर्नल मॅकेंझी यांच्या नोंदी येतात, त्या १८८१ च्या वऱ्हाडच्या जनगणना अहवालातल्या. मग मेजर गनथॉर्प यांचे पुस्तक, ज्याचा विषयच 'गुन्हेगार जमाती' आहे. एवढे वाचून पुस्तक मिटवावे आणि वर्गाला विचारावे: ज्याचे काम चोर पकडणे, त्याने एखाद्या समाजाचे वर्णन लिहिले तर त्याच्या नजरेला आधी काय पडेल? त्याला काय सांगितले जाईल, आणि त्याच्यापासून काय लपवले जाईल? पहिल्या लेखनाच्या अंदाजी सालानंतर दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्याने चिकटवलेला शिक्का किती वर्षे टिकला हे तांड्यातल्या आजोबांना विचारायला हवे.

मग मुख्य मजकुरात शिरावे. समासात पेन्सिलीने तीन खुणा करायच्या: लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेले, कोणाकडून ऐकलेले, आणि दुसऱ्या पुस्तकातून उतरवलेले. नरबळीचा मजकूर कोणत्या खुणेखाली जातो ते मुलांनी स्वतः ठरवावे. एका अधिकाऱ्याच्या कानावर कधीकाळी आलेली गोष्ट छापील पानावर 'हे लोक असे करतात' अशा सरसकट वर्तमानकाळात कशी उभी राहते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पूर्वग्रह हा शब्द भाषणातून ऐकण्याची गरज उरत नाही. फेकून दिलेले पुस्तक दुसऱ्याच्या हातात तसेच शाबूत राहते, आणि त्यातला मजकूर उद्या कोणीतरी पुन्हा पुरावा म्हणून समोर ठेवतो. तेव्हा उत्तर देता येण्यासाठी ते आधी वाचलेले असावे लागते.

आणि ते पुस्तक सगळेच टाकाऊ नाही, हेही वाचल्याशिवाय कळत नाही. त्याच पोलिसी परंपरेने एक विलक्षण मजकूर जपून ठेवला आहे. भंगी आणि जंगी हे राठोडांचे नाईक १,८०,००० बैल घेऊन, आणि भगवानदास हा वडतिया नाईक ५२,००० बैल घेऊन, शहाजहानच्या काळात दख्खनच्या मोहिमेवर आलेल्या आसफखानाच्या फौजेबरोबर होते. त्या वेळी नाईकांना तांब्याच्या पत्र्यावर सोन्याच्या अक्षरांत एक सनद मिळाली, अशी ती हकिगत. सनदेचा आशय असा: रांजणातले पाणी घ्या, छपराचे गवत घ्या, दिवसाला तीन खून माफ, आणि जिथे आसफजाहचे घोडे तिथे भंगीजंगीचे बैल असले पाहिजेत.

ही सनद आज दोन प्रकारे सांगितली जाते. एक जण तिसरे कलम उचलतो आणि म्हणतो, पाहा, यांना खुनाची मुभा होती. दुसरा तेच कलम अभिमानाने उचलतो आणि म्हणतो, पाहा, बादशाही आमच्यापुढे वाकली होती. चौथे कलम दोघेही गाळतात. सगळ्या सनदेचे वजन तर चौथ्या कलमावर आहे. पहिली तीन कलमे सवलती आहेत, चौथे कलम त्या सवलतींची किंमत आहे. घोडदळ जिथे पोचेल तिथे धान्य पोचलेच पाहिजे, असा हा फौजेच्या रसदीचा करार आहे. त्यात पाणी आणि गवत खुनाच्या आधी येते, म्हणजे लाखो बैलांचा कारवाँ उन्हाळ्यात चालवणाऱ्या माणसाला रोज कशाची भ्रांत पडत असेल ते कळते. इंग्रजी अर्थ देणाऱ्याने 'दुसरीकडे पाणी मिळाले नाही तर' आणि 'माझ्या माणसांच्या रांजणातले' अशी भर घातली आहे, ती मूळ चार तुकड्यांत नाही. ती भर बरोबर असेल किंवा नसेल, पण ती भर आहे हे दिसले पाहिजे. नावाचाही प्रश्न आहे. शहाजहानचा वजीर आसफखान, आणि आसफजाह ही पदवी अठराव्या शतकात हैदराबादच्या पहिल्या निजामाला मिळालेली. मग सनदेतला आसफजाह कोण, आणि सनदेचे हे शब्द कोणत्या काळात घडले? चार छोट्या वाक्यांत एवढे प्रश्न आहेत. गर्व करायचा असेल तर तोही यानंतर करता येतो, आणि तो खुनाच्या माफीचा राहत नाही; फौजा ज्यांच्या बैलांवर जगल्या त्या लोकांच्या कसबाचा होतो. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये नंगारा वास्तुसंग्रहालय उघडले. संग्रहालयातली वस्तू पाहताना मुलांना असे प्रश्न पडावेत, यासाठी आधी वर्गात चार वाक्यांवर तास घालवावा लागतो.

कोणी म्हणेल, पूर्वग्रह असतो तिथे अशी चिकित्सा ठीक, पण विद्वानांनी नि:पक्षपातीपणे वाचलेले पुन्हा कशाला वाचायचे? याचे उत्तर वाशीमनेच दिले आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. तो भाऊ दाजींनी वाचला, नंतर ब्यूलरने १८८३ मध्ये प्रसिद्ध केला. दोघेही मोठे पंडित. झिजलेल्या दगडावर प्रवरसेनानंतर त्यांनी रुद्रसेन वाचला आणि पुढे पृथ्वीषेण वाचला. तोवर माहीत असलेल्या ताम्रपटांत हीच नावे होती, तेव्हा पुसट अक्षरांत त्यांना तीच दिसली असावीत असे मला वाटते. १९३९ मध्ये वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. वंशावळ संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात, राज्यवर्ष सदतिसावे, आणि दान दिले ते वत्सगुल्माहून, म्हणजे वाशीमहून. त्यात प्रवरसेनाचा मुलगा होता सर्वसेन. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी तो हाताशी धरून अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, तेव्हा रुद्रसेनाच्या जागी सर्वसेन निघाला आणि पृथ्वीषेणाच्या जागी विंध्यसेन, म्हणजे हाच दुसरा विंध्यशक्ती. १९४१ मध्ये त्यांनी हे वाचन प्रसिद्ध केले. वाकाटकांची वत्सगुल्माची अख्खी शाखा, अजिंठ्याची उत्तम लेणी जिच्या काळात कोरली गेली ती, अर्धशतकाहून अधिक काळ दगडावर लिहिलेली होती आणि वाचली गेली नव्हती. ब्यूलर चुकू शकतो तर गाइड चुकणारच. मानोऱ्याच्या मुलाला ही गोष्ट त्याच्या जिल्ह्याची म्हणून सांगितली पाहिजे, आणि दोन्ही वाचने फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवली पाहिजेत.

राहिला रसिकांचा आक्षेप. इतकी चिरफाड केली तर कवितेचा आनंद मरतो, आणि ही रीतच मुळात केंब्रिजहून आलेली आहे, असे ते म्हणतात. या रीतीवरचे आय. ए. रिचर्ड्सचे पुस्तक १९२९ चे आहे हे खरे. त्याच्या कितीतरी आधी मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवायला उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती अशी सहा लक्षणे सांगून ठेवली आहेत. सुरुवात आणि शेवट जुळतात का, पुन्हा पुन्हा काय सांगितले आहे, नवे काय आहे, स्तुती कोणती आणि विधान कोणते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला. ज्याला ओवीचा आनंद नको आहे असा माणूस हे काम करील का? आणि वऱ्हाडातच, रिद्धपूरला, म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिले. ती पोथी स्वारीच्या धामधुमीत हरवली, आणि महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. तेव्हा एकाची आठवण दुसऱ्याशी जुळली नाही तर त्यांनी एक पुसून दुसरी ठेवली नाही. अमक्याची वासना, म्हणजे आठवणीतला पाठ, अशी, तमक्याची अशी, असे नावासकट नोंदवले. चक्रधरस्वामींचे शब्द त्यांना प्राणाहून प्रिय होते, म्हणूनच त्यांनी शब्दातला फरक सांडू दिला नाही. श्रद्धेने वाचणारा बारकाईने वाचत नाही, हा समज ज्याने करून घेतला त्याने लीळाचरित्राची एकही छापील प्रत उघडलेली नसावी.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेने आणि कॉलेजने आठवड्यातला एक तास एका पानाला द्यावा. त्या तासाला नोट्स नसाव्यात, गाइड नसावे, आणि मोबाइलने काढून दिलेला सारांश तर नसावाच, कारण सारांशात आधी जाते ते नेमके चौथे कलम. आधी पान मोठ्याने वाचावे. मग प्रत्येकाने एकच प्रश्न लिहावा, ज्याचे उत्तर पानात आहे की नाही हे त्याला ठाऊक नाही. एका आठवड्यात वाशीम ताम्रपटाचा मराठी अर्थ, पुढच्या आठवड्यात रसेलची तळटीप, त्यानंतर लीळाचरित्रातली एक लीळा तिच्या वासनांसकट. कारंजा इथून जवळ आहे. तिथल्या जैन भांडारांतल्या अपभ्रंश पोथ्यांवर हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी १९३० च्या दशकात काम केले. पोथीचे छायाचित्र आणि छापलेला पाठ शेजारी ठेवून वाचण्याचा तासही बसू शकतो.

आणि एक तास बंजाऱ्यांच्या गोरबोलीला हवा. होळीची लेंगी किंवा नवरीचे ढावलो दोन तांड्यांतून दोन आजींकडून लिहून आणावे, ज्यांच्याकडून आणले त्यांची नावे त्यांच्या संमतीने वर लिहावीत, आणि जिथे दोघींचे शब्द वेगळे पडतात तिथे दोन्ही ठेवावेत. कोणता खरा, हे पहिल्या दिवशी ठरवायचे नाही. कुठे वेगळे पडतात आणि त्या जागी गाणे काय सांगते आहे, एवढेच वर्गात विचारायचे. या कामाला अनुदान लागत नाही आणि परिपत्रकही लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हापासून ते सुरू करता येईल.