चकाकी नको, अक्षरे राहू द्या

आमच्या दादींच्या पानदानात तांब्याचा एक जुना पैसा असायचा, काळपट-हिरवट. त्यांच्या अब्बांनी लग्नात दिलेला. एका ईदच्या आदल्या दिवशी भांडी घासता घासता आम्ही भावंडांनी त्यालाही चिंच-मीठ लावले आणि वर राखेने घासले. पैसा लखलखला. आम्ही शाबासकीची वाट पाहत राहिलो. दादींनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, "यावर लिहिलेलं होतं रे बाळांनो."

हे आठवले ते इंग्लंडमधल्या एका दफिन्याबद्दल वाचताना. जानेवारी २००७ मध्ये हॅरोगेटजवळच्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवणाऱ्या बाप-लेकाला चांदीचा एक प्याला सापडला. हजार वर्षांहून अधिक काळ पुरलेला, आत नाणी आणि माती गच्च. त्यांनी तो ना उपसला, ना धुतला. आहे तसाच अधिकाऱ्यांच्या हवाली केला. ब्रिटिश म्युझियमच्या जाणकारांनी सावकाश एकेक वस्तू मोकळी केली. ६१७ नाणी निघाली आणि त्यांत इस्लामी जगातले दिरहमही होते. त्या काळच्या दिरहमांवर बहुधा राजाचे चित्र नसते. कलिमा, टाकसाळीचे नाव, हिजरी सन, सगळे अक्षरांतच. घाईने घासले असते, तर नेमके तेच झिजले असते.

आपण ज्याला मळ समजतो, तो पुष्कळदा मळ नसतो. तांब्यावरचा हिरवट-तपकिरी थर धातूपासूनच बनतो आणि झिजलेल्या अक्षरांच्या कडा कित्येकदा त्या थरातच टिकून असतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतले आम्ल तो थर विरघळवते. राख आणि तारेची घासणी उरलेसुरले खरवडून काढतात.

तेव्हा घरात जुने नाणे किंवा जुनी वस्तू निघाली, तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. सुटी माती मऊ ब्रशने हळूच झटका. गंजलेल्या लोखंडाला पाणी लावू नका. नाणे कडेला धरा, कोरड्या जागी वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर ओलाव्यापासून जपा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

नांगरताना किंवा पाया खणताना काही सापडले, तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. सराफाकडे नेऊन वितळवणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय इतिहासाचे एक पान कायमचे जाळणेही आहे.

दादी आता नाहीत. पैसा आमच्याकडे आहे. त्याची ती चकाकी वर्षभरही टिकली नाही, तो पुन्हा काळा पडला. अक्षरे मात्र परत आली नाहीत. त्यावर काय लिहिले होते, हे दादींना विचारायचेही राहून गेले. तुमच्या घरी वडीलधारे असतील, तर आजच विचारून घ्या.