पत्रिकेतला मंगळ आणि छायाचित्रातला मंगळ

मंगळाचे नाव आपल्या वस्तीत दोनच वेळी निघते. मुलीला स्थळ आले म्हणजे एकदा, आणि मोबाईलवर एखादे चमत्कारिक छायाचित्र फिरू लागले म्हणजे दुसऱ्यांदा. मे २०२२ मधले ते ‘मंगळावरचे दार’ वाचक बंधू-भगिनींना आठवत असेल. उभा कडा, त्यात कोरल्यासारखे चौकोनी दार, आत काळोख. आमच्याकडे ते आले तेव्हा खाली ‘देवांचे प्राचीन भुयार सापडले’ असा मजकूर होता. शिकलीसवरलेली माणसे तो न वाचताच पुढे ढकलत होती.

छायाचित्र खोटे नव्हते. अमेरिकेच्या नासा संस्थेची क्युरिऑसिटी नावाची सहा चाकांची गाडी ऑगस्ट २०१२ पासून मंगळावर फिरते आहे, तिनेच ७ मे २०२२ रोजी ते टिपले. खोटा होता तो अर्थ. ते दार जेमतेम एक फूट उंच. खडकाला तडे जाऊन पडलेली एक खाच. मांजर शिरले असते, माणूस नव्हे. त्याच जागेची बाकीची छायाचित्रेही सर्वांना खुली होती. शेजारचे दोन-चार फोटो पाहिले असते तरी दाराची उंची कोणालाही कळली असती.

येथे आम्हाला जी गोष्ट सांगावयाची आहे ती हीच. या गाड्यांनी पाठवलेली छायाचित्रे नासा कपाटात कुलूपबंद ठेवीत नाही. पृथ्वीवर पोहोचली की थोड्याच वेळात, जशीच्या तशी, ती सगळ्या जगापुढे ठेवली जातात. फी नाही, शिफारस नाही, पदवीचे सर्टिफिकेट नाही, आणि आडनाव तर कोणीच विचारीत नाही. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या ज्ञानाच्या उंबरठ्याबाहेर उभ्या केल्या गेल्या, त्यांना अशा उघड्या दाराचे मोल वेगळे सांगायला नको.

जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या दोन गाड्या मंगळावर उतरल्या, तेव्हापासून देशोदेशीची हौशी माणसे आपली पोटापाण्याची कामे आटोपून ही छायाचित्रे पाहत बसतात. तुकडे जोडून अखंड देखावा करतात, रंग नीट लावतात, कालच्या आणि आजच्या फोटोत काय बदलले ते शोधतात. इंग्लंडातील डग एलिसन या तरुणाने अशा मंडळींना एकत्र आणले. पुढे त्याच कामामुळे तो नासाच्या प्रयोगशाळेत पोहोचला आणि क्युरिऑसिटीचे कॅमेरे सांभाळू लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स गाडी उतरली, तेव्हा तिच्या पॅराशूटवरच्या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांत इंजिनिअरांनी गुप्त निरोप विणला होता. तोही हौशी लोकांनीच काही तासांत वाचून दाखवला.

यांची रीत साधी असते. जानेवारी २०१४ मध्ये ऑपॉर्च्युनिटीच्या एका फोटोत मेदूवड्यासारखा दगड दिसला. कडा पांढरी, मध्ये लाल, रुंदी सुमारे ४ सेंटीमीटर. बारा दिवसांपूर्वीच्या त्याच जागेच्या फोटोत तेथे काहीच नव्हते! कोणी म्हणाले आकाशातून पडला, कोणी म्हणाले ही जिवंत बुरशी आहे. अमेरिकेत एका गृहस्थाने तर नासाला कोर्टात खेचले. फेब्रुवारीत गाडी थोडी पुढे सरकली आणि मागच्या जागेचे फोटो आले, तेव्हा उलगडा झाला. गाडीच्याच चाकाखाली एक दगड फुटला होता, त्याची कपची उडून तेथे पडली होती. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि दोहोंमध्ये बाजूचा एक फोटो. एवढ्यावर कोर्टबाजी संपते.

याच रीतीने आपल्या देशातल्या एका माणसाने नाव काढले. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरता उतरता हरवला, हे सर्वांना ठाऊक आहे. नासाच्या यानाने त्या जागेची छायाचित्रे घेऊन जाहीर केली. चेन्नईचे एक इंजिनिअर, षण्मुग सुब्रमण्यन, नोकरी सांभाळून जुनी व नवी छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून कण न् कण पाहत बसले. एके ठिकाणी पूर्वी नसलेला एक ठिपका त्यांना आढळला. त्यांनी नासाला कळवले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये नासाने त्यांच्या नावासह जाहीर केले, की होय, हा विक्रमचाच तुकडा. इस्रोचे तेव्हाचे प्रमुख म्हणाले की आमच्या यानाने लँडर आधीच शोधला होता. असेल; पण तो फोटो लोकांपुढे असता तर लोकांनी तोही पाहिला असता.

आता पत्रिकेतल्या मंगळाकडे वळू.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका मुलीची सोयरीक मोडली. मुलगी नर्सिंग झालेली, दवाखान्यात नोकरीला. मुलगाही बौद्ध, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि बावीस प्रतिज्ञांची चौकट. पसंती झाली, साखरपुड्याची तारीखही ठरली, आणि मुलाच्या मामाने कोठूनतरी पत्रिका काढून आणली. मुलीला ‘कडक मंगळ’! दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन लागेना. याहून वाईट वाटले ते पुढे. मुलीची आई आमच्याकडे आली आणि दबक्या आवाजात विचारू लागली, “भाऊ, याची काही शांती असते का?”

आम्ही तिला रागावलो नाही. जिची मुलगी घरात बसून रडते तिला भाषण कसले द्यायचे? पर्सिव्हरन्सने पाठवलेले फोटो मोबाईलवर काढून तिच्यापुढे धरले आणि म्हणालो, “अक्का, हाच तो मंगळ. बघा, यात तुमच्या पोरीचे नाव कोठे लिहिले आहे का.” तिने पदराने चष्मा पुसला, एकेक फोटो पाहिला आणि म्हणाली, “ह्यात तर नुसती धोंडंच हायेत की, भाऊ.”

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून तिच्यासमोरच हिशेब मांडला. पत्रिकेत घरे बारा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या वा बाराव्या घरात मंगळ आला की दोष. बारापैकी पाच घरे! म्हणजे शंभर मुलामुलींत ढोबळमानाने एक्केचाळीस-बेचाळीस जण मंगळाचे निघणार. इतक्यांचे संसार एका ग्रहाने मोडायचे ठरवले असते तर आपली वस्ती कशी वसली असती? आणि तो ग्रह आपल्या जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटर दूर असतो.

हिशेबाने समाधान होत नसेल त्यांनी २००८ सालची पुण्यातली चाचणी पाहावी. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिष शिकलेले प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि विचारले, कोणती कोणाची? सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवले असते तर पन्नास आले असते. त्याच दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात भर रस्त्यात खून झाला. प्रश्न विचारण्याची किंमत महाराष्ट्राने अशी वसूल केली.

तथागतांनी कालामांना काय सांगितले ते विहारात आपण शंभरदा ऐकले आहे, म्हणून येथे पुन्हा सांगत नाही. आपल्या शहरात, औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात), बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे, आणि परिसराला दिले ते उत्तर देणाऱ्या नागसेनाचे. त्याच शहरात बौद्ध वधू-वर मेळाव्याच्या एका अर्जावर ‘जन्मवेळ, रास, मंगळ आहे/नाही’ असा रकाना आम्ही डोळ्यांनी पाहिला. संयोजकांना विचारले तर म्हणाले, “लोक मागतात.” लोक हुंडाही मागतात, त्याचाही रकाना छापणार काय? आमचे स्पष्ट सांगणे आहे, की पुढच्या छपाईत तो रकाना काढा आणि तेथे रक्तगट व शिक्षण लिहायला जागा वाढवा. पालकांनीही छापलेला रकाना आडवी रेघ मारून परत करावा. पाच-पन्नास अर्ज असे आले की संयोजक आपोआप सुधारतील.

मंगळ आपल्या मातीला काही अगदी परका नाही. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारात गया जिल्ह्यातल्या शेरघाटीला आकाशातून सुमारे पाच किलोचा दगड पडला. बोधगया तेथून फार लांब नाही. तो मंगळावरून आला हे शास्त्रज्ञांना शंभरहून अधिक वर्षांनी उमगले. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी तेथली हवा मोजली होती, तिच्याशी याच जातीच्या उल्केत अडकलेला वायू जुळला. मंगळ साक्षात दारात येऊन पडला, पण त्यामुळे शेरघाटीतली लग्ने थांबल्याचे आमच्या ऐकिवात नाही! त्या दगडात आघाताने तयार झालेली एक विशिष्ट काच प्रथम सापडली. तीच काच आपल्या लोणारलाही आहे, कारण ते १.८ किलोमीटर रुंदीचे विवर काळ्या पाषाणावर उल्का आदळून झाले. मंगळावरही असाच काळा पाषाण पसरला आहे, म्हणून लोणारचा दगड जगातले अभ्यासक मंगळासाठी तपासतात.

रविवारी वंदना झाली की विहारात आम्ही आठ-दहा मुले घेऊन हेच फोटो पाहतो. गाडीला माणसासारखे दोन डोळे, म्हणजे दोन कॅमेरे असतात. डाव्याचा फोटो लाल आणि उजव्याचा निळा करून एकावर एक ठेवला आणि पुठ्ठ्याचा चष्मा लावला की दगड पडद्यातून वर उठून येतात. चष्म्याला लाल-निळा जिलेटीन कागद स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. लाल कागद डाव्या डोळ्यावर. परवा एका सातवीतल्या पोराने मंगळावरच्या दगडातली बारीक भोके पाहून सांगितले, “काका, असला दगड आपल्या लेण्यांच्या पायऱ्यांजवळ आहे.” दुसऱ्या दिवशी तो खडा घेऊन आला. भोके खरोखरच होती. आता पावसाळ्यानंतर मुलांना एस.टी.ने लोणारला न्यायचे ठरते आहे. ती नर्सबाई आपल्या आईला घेऊन येणार आहे.