नकाशावर टँकर दिसतो, आपली लाँच का दिसत नाही?

मंडळी, आज जरा आपल्या मुंबई बंदराबद्दल. पोस्ट थोडी मोठी आहे, पण लाँचने ये-जा करणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मोबाईलवर 'मरीनट्रॅफिक'सारखा जहाजांचा नकाशा उघडून बघा. फुकट आहे. कुलाब्यापासून न्हावा-शेवापर्यंत रंगीत खुणाच खुणा दिसतील. हिरवी खूण म्हणजे मालवाहू जहाज, लाल म्हणजे टँकर. खुणेवर बोट ठेवलं की नाव, झेंडा, वेग, कुठून आलं, कुठे चाललंय, सगळं समोर.

हे कसं कळतं? मोठ्या जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं. चालतं जहाज दर काही सेकंदांनी रेडिओवर आपलं नाव, जागा, दिशा आणि वेग सांगत असतं. नांगरावर असेल तर दर तीन मिनिटांनी. किनाऱ्यावरचे रिसीव्हर ते ऐकतात आणि नकाशावर टाकतात. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना हे यंत्र २००४ च्या अखेरीपासून सक्तीचं आहे.

आता खरा मुद्दा. हा नकाशा बंदर दाखवत नाही. बंदरात जो बोलतो, तेवढाच तो दाखवतो. जवाहर द्वीपाला लागलेला टँकर दिसतो. पण त्याच्या आजूबाजूने जाणाऱ्या छोट्या लाँच, मचवे, कोळ्यांच्या होड्या, यांतल्या बहुतेक दिसतच नाहीत. म्हणजे ज्यात तेल आहे ते दिसतं आणि ज्यात माणसं आहेत ते दिसत नाही!

न बोलणारं जहाज म्हणजे काय, हे आपण २०११ साली पाहिलंय. 'पवित' नावाचं जहाज ओमानजवळ बंद पडलं, खलाशांना सोडवलं गेलं आणि जहाज तसंच सोडून दिलं. ते महिनाभर वाहत वाहत ३१ जुलैला थेट जुहूच्या वाळूत येऊन बसलं. हजार टनांहून मोठं धूड, तेही २६/११ नंतर उभारलेल्या सुरक्षेच्या कड्यातून! जहाजावर वीज नव्हती, त्यामुळे एआयएस गप्प. आणि २६/११ चे अतिरेकी तरी कशातून आले? 'कुबेर' या मच्छीमार बोटीतून.

दुसरी बाजूही सांगतो. नकाशावर दिसलं म्हणजे सुरक्षित झालं, असं अजिबात नाही. ७ ऑगस्ट २०१० ला 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही दोन मोठी जहाजं याच बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. कंटेनर समुद्रात पडले, तेल खारफुटीत शिरलं, बंदराची वाहतूक काही दिवस बंद पडली आणि लोकांनी मासे खाणं थांबवल्यावर फटका बसला कोळ्यांना. यंत्र फक्त सांगतं. ऐकून सुकाणू फिरवायचं काम माणसाचंच.

१८ डिसेंबर २०२४ विसरलात का? घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली. १५ जीव गेले. भर दिवसा, उघड्या पाण्यात. तिथे एआयएसने अपघात टळला असता असा दावा मी करणार नाही. पण एक विचारतो: या पाण्यात कोणत्या क्षणी कोणती लाँच कुठे आहे, हे किनाऱ्यावर बसलेल्या किती जणांना कळतं? बेस्टची बस कुठवर आली ते फोनवर दिसतं. मग शंभर माणसं घेऊन खाडी ओलांडणारी लाँच का दिसू नये?

काहीजण म्हणतील, सुरक्षेचा प्रश्न आहे, नौदलाचा तळ आहे. अहो, युद्धनौकांना या नियमातून सूट आहेच. आपण बोलतोय प्रवासी लाँचबद्दल. तिचं वेळापत्रक धक्क्यावर लावलेलं असतं, त्यात लपवायचं काय?

कोळी बांधवांची हरकत मात्र खरी आहे. मासा कुठे लागतो ही तांडेलाची पिढीजात कमाई. ती साऱ्या जगाच्या नकाशावर का टाकायची? त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या १ लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. हे यंत्र उपग्रहावरून चालतं आणि संकटात संदेशही पाठवतं. ती माहिती यंत्रणेकडे राहावी, बाजारात जाऊ नये.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत:

१) बंदरातल्या प्रत्येक प्रवासी लाँचवर, रोपॅक्स असो की लाकडी, एआयएस बसवा. लहान बोटींसाठी त्याचा छोटा, स्वस्त प्रकार मिळतो.

२) भाऊचा धक्का, गेटवे, मोरा, रेवस, मांडवा इथे पडदा लावा. लाँच कुठे आहे आणि भरती-ओहोटी कधी, दोन्ही मराठीत दिसू द्या. ओहोटीला गाळामुळे लाँच अडते तेव्हा लोकांना ताटकळत बसावं लागणार नाही.

३) मच्छीमारांचे ट्रान्सपाँडर किती बोटींवर बसले आणि त्यातले किती चालू आहेत, हे तालुकावार जाहीर करा.

४) यंत्र बंद ठेवून प्रवासी नेणाऱ्याला त्या दिवशी धक्का सोडू देऊ नका.

पहिल्या दोन गोष्टी सागरी मंडळ आणि बंदर प्राधिकरणाने मनावर घेतल्या तर होण्यासारख्या आहेत. मोठ्या जहाजांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बंदरात आधीच आहे. फक्त आपली माणसं तिच्या नजरेत आणायची आहेत.

तोवर नकाशा जरूर बघा, पोरांनाही दाखवा. पण त्याच्या भरवशावर होडी पाण्यात घालू नका. तिथलं चित्र उशिरा येतं आणि अर्धंच असतं.

तुमच्या मार्गावरचा अनुभव कमेंटमध्ये लिहा. पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका.