कागदाची पाने, अंजिराची पाने



पीपलरावां या आमच्या गावाच्या नावाची सुरुवातच पिंपळाने होते. फाल्गुनाच्या सुमारास जुनी पाने गळतात आणि तांबूस पालवी चमकू लागते. बहुधा तेच आपले उपवासकाळाचे दिवस असतात. मराठी घरांतली मुले पिंपळपान वहीत ठेवून त्याची जाळी होण्याची वाट पाहतात. आम्हाला तेवढा धीर नसतो. आम्ही पाने दोन-तीन आठवडे बादलीत कुजत ठेवतो (वासाबद्दल शेजाऱ्यांची क्षमा मागून), मग जुन्या टूथब्रशने गर हलकेच काढतो आणि उरलेली जाळी टिपकागदात वाळवतो. पण ही जाळी फार नाजूक असते. भेटकार्डावर चिकटवून देवासपर्यंत नेली, तरी वाटेत एखादी तुटतेच. म्हणून नाताळच्या कार्डांसाठी आणि संडे स्कूलच्या चिकटवह्यांसाठी आम्ही कागदाचीच पाने करतो.

ज्यांना करायची असतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लग्नपत्रिकांची पाकिटे आणि जुन्या कॅलेंडरांचा जाड कागद उत्तम. कागद आधी दोन्ही दिशांनी किंचित वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्याच दिशेने देठाची घडी घालावी, नाहीतर घडीवर कागद फुटतो. दुमडून अर्धेच पान कापले की दोन्ही बाजू सारख्या येतात. मग घडी केलेल्या वर्तमानपत्रावर पान ठेवून संपलेल्या रिफिलने शिरा ओढाव्यात. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवले की छान विटका रंग येतो. फेव्हिकॉल फक्त मधल्या शिरेला लावावा, म्हणजे कडा उचललेल्या राहतात आणि पान जिवंत दिसते.

जिवंत दिसते, एवढेच. आणि आम्हाला आज बोलायचे आहे ते याविषयीच.

मागच्या नाताळला आम्ही साठ कार्डे केली. एकाने कापायचे, दुसरीने शिरा ओढायच्या, तिसऱ्याने चिकटवायचे, अशी वाटणी होती. प्रत्येक कार्डावर शेवटी 'मंडळीतर्फे' असा शिक्का मारला. देवासला राहणाऱ्या आमच्या एका वृद्ध आजींचे कार्ड त्यांच्या शेजाऱ्याकडे दिले आणि यादीत त्यांच्या नावापुढे खूण केली. जानेवारीत कोणाच्या तरी बोलण्यातून कळले, की त्या नाताळच्या आधीपासून अंथरुणावर आहेत. आम्ही धावलो. कार्ड उशाशी भिंतीला लावलेले होते. आजींनी विचारले, "हे पान कोणी केलं गं?" आम्ही चौघे एकमेकांकडे पाहत राहिलो. कोणालाच ठाऊक नव्हते. त्या रागावल्या नाहीत. "छान आहे," एवढेच म्हणाल्या आणि आम्हाला चहा करून घ्यायला सांगितला.

परत येताना बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही.

पवित्र शास्त्रात माणसाने स्वतःच्या हातांनी केलेली पहिली वस्तू कोणती, हे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात पाहा. अंजिराची पाने शिवून केलेली वस्त्रे! आदाम आणि हव्वेने ती लाज झाकण्यासाठी केली. त्याच अध्यायाच्या शेवटी देवाने त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे केली, कारण पानांनी भागणार नव्हते. मार्काच्या अकराव्या अध्यायात प्रभूला भूक लागली, तेव्हा लांबून दिसली ती पानेच. अंजिराचा हंगाम नव्हता हे खरे. पण त्या देशात अंजिराला पालवी येते, तेव्हा तिच्याबरोबर लहान कच्ची फळेही दिसू लागतात. म्हणजे पानांनी भरलेले झाड जणू फळाचे वचनच देत उभे होते. आपला पिंपळही अंजिराच्याच कुळातला आहे, म्हणून हा उतारा आम्हाला जरा जास्तच लागतो.

आमची साठ कार्डे हे तसेच वचन होते. आजींच्या घरी ते वाचले गेले, पण भेटायला कोणी आले नाही.

कोणी म्हणेल, मग कार्डेच बंद करा, व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पाठवा. ते आम्हाला मान्य नाही. हाताने केलेल्या पानात निदान अर्धा तास कोणीतरी कोणासाठी तरी बसलेले असते. नाताळचे छापील कार्डही मुळात इतके पोकळ नव्हते. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून जे पहिले कार्ड करवून घेतले, त्याच्या मधोमध मेजवानीला बसलेले कुटुंब आहे. पण दोन्ही बाजूंच्या चौकटींत भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देणारी माणसे आहेत. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाची आठवण व्हावी अशीच ती चित्रे आहेत. मधले चित्र आपण ठेवले आणि बाजूच्या चौकटी कापून टाकल्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून या वर्षी आम्ही गटात एक गोष्ट मांडली: जितक्या घरी जाणे होईल तितकीच कार्डे. जो जाणार त्यानेच पान कापायचे आणि आत स्वतःचे नाव लिहायचे. शिक्का नाही. यावर वाद झाला. कार्डे विकून मुलांच्या वह्यांसाठी चार पैसे जमतात, त्यांचे काय, असे एका ताईंनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. विक्रीची कार्डे वेगळी करू, पण ती भेटीच्या यादीत धरायची नाहीत, असे ठरले. सगळे खूश नाहीत.

प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात जीवनाच्या झाडाची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. पण तेच झाड दर महिन्याला फळही देते, हे आपण वाचताना पटकन ओलांडून जातो.

गेल्या आठवड्यात आम्ही आजींकडे कागद आणि कात्री घेऊन गेलो. उशीला टेकून बसत त्यांनी एक पान कापले. हात थरथरत होता, त्यामुळे कड दातेरी झाली. ते पान त्यांनी शेजारच्या मुलीसाठी ठेवून घेतले. यादीत सध्या एकवीस घरे आहेत.