पप्पा रिटायर, मी बारावीत!

भिगवणला फ्लेमिंगो बघायला कोण कोण जाऊन आलंय? हात वर करा! शनिवारी पहाटे पुण्यातून गाडी काढायची, बोटीतून फोटो, दुपारी मासे, संध्याकाळी घरी. ते पाणी उजनी धरणाचं, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या. आपण बघतो तो पुणे जिल्ह्याचा काठ. पलीकडचा काठ सोलापूरचा, करमाळा तालुक्याचा. तिथे ऊस आहे, केळी आहे आणि बऱ्याच घरांत एक तरी फौजी आहे.

तिकडच्या फौजींच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांशी गप्पा मारल्या की मला एकच प्रश्न पडतो. गाव एक, पेन्शन जवळपास तेवढीच. मग एक जण पुण्यात इंजिनिअरिंग संपवतो आणि त्याचा चुलतभाऊ दुसऱ्या वर्षाला अडकतो, असं का? 'बाप मिलिटरीत, म्हणजे घरात शिस्त' हे रेडिमेड उत्तर तुम्हीही ऐकलं असेल. सॉरी, पण बाप घरात असतो कुठे? अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला जवान पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शनवर येतो, तेव्हा पोरगी आठवी-दहावीत असते. त्यानंतरही बरेच जण सिक्युरिटीच्या नोकरीसाठी पुणे गाठतात. शिस्त असलीच तर ती आईची.

आणि शाळा? पीस स्टेशनला क्वार्टर मिळालं की केंद्रीय विद्यालय, हिंदी-इंग्रजी. फील्ड पोस्टिंग आलं की गावची मराठी शाळा. मला भेटलेल्या एका मुलीने दहावीपर्यंत पाच शाळा बदलल्या होत्या. माझं मत विचाराल तर आठवी ते बारावी एका जागी बसायला मिळालेली पोरं कॉलेजात टिकतात. बाकी बुद्धी वगैरे नंतर.

पण खरी मेख आहे कागदात. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६ पासून आहे, माजी सैनिकांच्या मुलांसाठी. २०१९ पासून मुलींना महिना ३,००० रुपये, मुलांना २,५००. देशभरात वर्षाला ५,५०० जणांना मिळते, त्यातल्या निम्म्या मुली. अटी ऐका: बारावीला ६० टक्के, कोर्स प्रोफेशनल हवा आणि अर्ज पहिल्याच वर्षी. ते वर्ष हुकलं की विषय संपला! जवळचं कॉलेज म्हणून साध्या बीएला गेलेल्या पोरीला ही योजना नाहीच. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये संरक्षण दलांतल्यांच्या मुलांसाठी ५ टक्के जागा असतात, तिथेही दाखला आलाच.

दाखला मिळतो सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, करमाळ्याहून शंभर किलोमीटरच्या वर. म्हणजे एका सहीला एक अख्खा दिवस. बरं, डिस्चार्ज बुकात पोराचं नाव 'गणेश' आणि मार्कशीटवर 'गणेशकुमार' असेल तर? रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. तोवर ॲडमिशनची तारीख गेलेली. नोकरीत असतानाच मुलांची नावं नीट नोंदवून, सगळ्या झेरॉक्स एका फाइलमध्ये ठेवणारा बाप (किंवा आई, बहुधा आईच) असेल तर पोरांचं अर्धं काम झालं. हे आपल्याकडेच आहे असं नाही हं! अमेरिकेत २००९ पासून सैनिकाला शिक्षणाचा न वापरलेला लाभ मुलांच्या नावे करता येतो, पण तो अर्ज नोकरीत असतानाच करावा लागतो. निवृत्तीनंतर आठवलं तर तिथेही ठेंगा.

या सगळ्या शिडीची पहिली पायरी आहे 'माजी सैनिक' हा शब्द. २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांची नोकरी चार वर्षांची. त्यांच्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतील. बाकीचे सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांची पोरं बारावीला येतील तेव्हा दाखला कशाचा काढणार?

धरणाकडेच्या रस्त्यावर पहाटे पाचला पोरं भरतीसाठी धावत असतात. त्यांच्यातल्या एकाला मी हे विचारलं. तो पळता पळता म्हणाला, "ताई, आधी भरती तर होऊ द्या!"